भरलेला डबा तसाच परत गेला, आता तिला कसं बोलवू?

या वेळचं पत्र वाकडहून आलंय. मोठं आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं ठेवलंय.

"मावशी, आमच्या सोसायटीत आम्ही 22 जणी आहोत. 3 वर्षं झाली, ऋतू बदलला की आम्ही क्लब हाऊसमधे पॉटलक करतो, चैत्रात, श्रावणात, नवरात्रात भोंडल्याला आणि संक्रांतीला. कोऑर्डिनेट मीच करते. यंदा भोंडल्याला एक नवीन मेंबर आली, मूळची यवतमाळची. तिने अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी आणि ज्वारीच्या भाकऱ्या आणल्या. बाकी टेबलावर साबुदाणा वडे, ढोकळा, केक, पनीर असं सगळं. तिच्या डब्याला कोणी हातच लावला नाही. एक जण तर म्हणाली, अगं हे घरी खायचं असतं, फंक्शनला नाही. ती हसली आणि जाताना डबा तसाच परत घेऊन गेली. मी ते बघितलं आणि काही बोलले नाही. मी पण खाल्ली नव्हती. तेव्हापासून ती ग्रुपवर गप्प आहे, लिफ्टमधे भेटली की घाईत असते. आता संक्रांत आली. मी म्हणते एक्सेल शीट करून मेनूच ठरवून देऊ, कोणी काय आणायचं ते, म्हणजे परत असं होणार नाही. बरोबर ना? आणि अजून एक, संक्रांतीला हळदीकुंकू असतं, आमच्यातल्या दोघींचे मिस्टर आता नाहीत, त्या दरवर्षी नेमक्या त्याच दिवशी 'बरं नाही' म्हणतात. त्यांना कसं विचारायचं कळत नाही."

अगं, शीट करू नकोस. निदान मेनूची तरी नको. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीशी थांबले, "मी पण खाल्ली नव्हती." हे तू लपवलं नाहीस ते मला फार आवडलं, आणि सुरुवात पण तिथूनच करू.

तू का नाही खाल्लीस ते लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज सांगते. नवरात्र होतं. तुमच्या 22 जणींमधे किती जणींचा उपास असेल बघ, कोणाचे नऊ दिवस, कोणाचा उठता-बसता, आणि ज्यांचा उपास नाही त्यांच्यातही कितीतरी घरी घट बसलेले असणार, म्हणजे कांदा-लसूण बंद. तुझ्या घरी पण बंद असेल, हो ना? आणि तिच्या भाजीवर तर लसणाची फोडणी! म्हणजे निम्म्या जणी मनात असूनही ती भाजी खाऊ शकत नव्हत्या, आणि हे तिला आधी सांगायचं कोणालाच सुचलं नाही, ती बिचारी नवीन, तिने विचारायचं तरी कोणाला. राहिलेल्या निम्म्यांचं असं झालं असणार की भरलेला डबा पहिल्यांदा मोडायचा म्हणजे कोणीतरी आधी हात घालावा लागतो, एकीने घातला की दहा जणी घालतात आणि कोणीच नाही घातला तर तो डबा तसाच बसतो. हे मी तुमचं समर्थन म्हणून सांगत नाहीये. तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही म्हणून सांगतेय. तिच्या कानात फक्त ते एक वाक्य राहिलंय, हे घरी खायचं असतं, फंक्शनला नाही.

त्या वाक्याने मला खरंच वाईट वाटलं. कारण विदर्भात गौरी, म्हणजे ते महालक्ष्म्या म्हणतात, त्यांच्या नैवेद्याच्या पानात अंबाडीची भाजी असते, ज्वारीची आंबील असते, सोळा भाज्या असतात. देवीपुढे ठेवायची भाजी आहे गं ती. भोंडला म्हणजे पण देवीचेच दिवस, म्हणून तिला वाटलं असणार की आपल्याकडचं या दिवसांतलं सगळ्यात मानाचं आपण नेतोय. आणि कष्ट बघ. अंबाडीची पानं एकेक करून खुडायची, देठ काढायचे, उकडायची, आंबटपणा बेताचा राहावा म्हणून ते पाणी पिळून काढायचं, मग तुरीची डाळ आणि कण्या घालून घोटायची. शेवटी कढल्यात तेल तापवून ठेचलेला लसूण लालसर होईपर्यंत परतायचा, लाल मिरची टाकायची आणि ती फोडणी वरून ओतायची. भाकरीच्या मधे खळगा करून त्यात भाजी आणि भाजीच्या खळग्यात ते लसणाचं तेल, असं खातात. पुण्यात अंबाडी प्रत्येक भाजीवालीकडे नसते, शोधावी लागते. तिने ती शोधली, निवडली, रात्री की पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, आणि तो सगळा डबा लिफ्टने परत वर गेला.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुम्ही ऋतू बदलला म्हणून जमता असं तू लिहिलंयस. पाऊस संपत आलाय, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलंय, अंबाडी त्याच दिवसांतली भाजी. केक तर बारा महिने मिळतो, ढोकळा पण. त्या दिवशी टेबलावर ऋतूचं असं काही असेल तर ते तिच्याच डब्यात होतं.

आता मी तुला आमच्या हादग्याचं सांगते, म्हणजे मी शीट नको का म्हणतेय ते कळेल. माझं माहेर कऱ्हाडचं, आमच्याकडे भोंडल्याला हादगा म्हणायचे. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो, त्या पावसाला गावाकडे हत्तीचा पाऊस म्हणतात, म्हणून हादग्याला हत्ती. भिंतीवर हादग्याचा कागद चिकटवायचा, त्यावर समोरासमोर दोन हत्ती, त्याला फळांच्या, भाज्यांच्या माळा. मग सोळा दिवस रोज एकीच्या अंगणात फेर. पहिल्या दिवशी एक गाणं एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं वाढत जायचं. एवढ्या खिरापती एका घरचं कोण करणार, मग प्रत्येकीने आपापल्या घरून डबा आणायचा. म्हणजे पॉटलक हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या आया-आज्या हेच करत आल्यात.

पण त्यात एक गोष्ट होती जी तुमच्या टेबलावर नाहीये. डबा कधीच आपला आपण उघडायचा नाही. गाणी संपली की डबेवाली मधे येऊन बसायची, डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर, आणि बाकीच्या सगळ्या तिच्याभोवती. गोड का तिखट? कोरडं का ओलं? तळलेलं का? दाताला चिकटतं का? डबा कानाशी नेऊन हलवून बघायचा, वास घ्यायचा, खालून हात लावून गरम आहे का बघायचं. ओळखलं तर आरडाओरडा, नाही ओळखलं तर "हरलो म्हणा" आणि मग झाकण उघडायचं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, घरची फार गरिबी. तिची डबा आणायची पाळी आली त्या दिवशी आई काय देणार याची आम्हालाच काळजी. ती एक छोटा पितळी डबा घेऊन आली, हलवला तर आवाजच नाही. आम्ही लाडू म्हटलं, वडी म्हटलं, करंजी, खांतोळी, साटोरी, शिरा, जे जे माहिती होतं ते सगळं म्हणून झालं. ती नुसती मान हलवत होती, कान लाल झालेले, आणि शेवटी आम्ही सोळा-सतरा जणी हरलो. उघडला तर फुटाणे! आईने डब्यात जुन्या लुगड्याचं फडकं घालून त्यात फुटाणे असे गच्च बांधले होते की एक दाणा हलत नव्हता. मूठ-मूठभर आले सगळ्यांना. त्या वर्षीच्या बाकीच्या खिरापती मला आठवत नाहीत, ते फुटाणे मात्र आठवतात, आणि तिचा चेहरा.

तुमच्याकडे झालं काय, तर डबे टेबलावर रांगेत लागले, झाकणं उघडली, प्रत्येकीने प्लेट घेतली आणि ओळखीचं ते वाढून घेतलं. कोणी कोणाला काही विचारायचं कारणच उरलं नाही. यवतमाळकडे भोंडला नसतो, भुलाबाई असते, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर, ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात, आणि त्यांच्याकडे पण गाणी झाली की खाऊ ओळखायचाच असतो. तेव्हा मला तर वाटतं ती त्या दिवशी वाट बघत होती गं. कोणीतरी विचारेल, तुझ्या डब्यात काय आहे.

म्हणून शीट नको. शीटने काय होईल, तिच्या नावापुढे तू "काकडीची कोशिंबीर" लिहिशील, ती निमूटपणे आणेल, सगळ्या खातील, डबा रिकामा होईल आणि ती कुठल्या गावची, काय खाणारी, कशात हात बसलेली, हे तुम्हाला पुढच्या 10 वर्षांत कळणार नाही.

आधी तिच्या घरी जा. मेसेज नको, ग्रुपवर "सॉरी डिअर" तर अजिबात नको, 21 जणींच्या हार्टचा पाऊस पडेल आणि तिला अजूनच अवघडल्यासारखं होईल. मार्गशीर्ष चालू आहे, गुरुवारचं कारण काढून जा किंवा काहीच कारण न काढता जा. एकटीच जा. बसल्यावर, माझा अंदाज बरोबर असेल तर, सरळ सांग, "त्या दिवशी घरी घट होते म्हणून मी लसणाचं खाल्लं नाही, पण ते मी तुला सांगायला पाहिजे होतं, आणि ती जे बोलली तेव्हा मी गप्प बसायला नको होतं." एवढंच. जी बोलली तिच्या वतीने माफी मागू नकोस, ते तिचं तिने बघावं, आणि "तिच्या मनात तसं नव्हतं गं" असली सारवासारव पण नको. मग तिला म्हण, मला अंबाडी शिकव. खरंच शिकायचं असेल तरच म्हण हां. अंबाडी मिळत असेल तर घेऊनच जा, तिच्या ओट्याशी उभी राहा, आणि गरम भाकरीबरोबर तिथेच बसून खा. ती कदाचित पहिल्या वेळी मोकळी होणार नाही, नको राहू दे म्हणेल. ठीक आहे, आठ दिवसांनी परत जा.

दुसरं, संक्रांतीच्या पॉटलकमधे तिला असं काम दे जे तिलाच येतं. आणि ते काम तिच्याकडे आहे! जानेवारीत ओल्या तुरीच्या शेंगा येतात ना, हिरव्या, टपोऱ्या, त्या दाण्यांना विदर्भात सोले म्हणतात. यवतमाळ म्हणजे कापूस आणि तुरीचा भाग, सोलेभात, सोले-वांगी, सोल्यांची आमटी, कचोरी, तिला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेल. तर असं कर, संक्रांतीच्या आदल्या दुपारी किंवा त्याच दिवशी तास-दोन तास आधी तीन-चार किलो शेंगा आणा, क्लब हाऊसमधे सतरंजी टाका, मधे पेपर पसरा आणि सगळ्या मिळून शेंगा सोलायला बसा. शेंगा सोलताना मोबाइल हातात धरता येत नाही, हात चालू असतात आणि तोंडं मोकळी, नवीन आलेल्या बाईला अशा कामात बोलायला सोपं जातं, समोर बघून बोलावं लागत नाही. सोलून झाल्या की पुढचा भात तिच्या हातचा.

भोगीची भाजी पण अशीच करता येईल, आणि मला विचारशील तर पॉटलकला याहून चांगला पदार्थ आपल्याकडे नाही. प्रत्येकीने एकच भाजी आणायची, धुऊन चिरून, कोणी गाजर, कोणी घेवडा, कोणी वांगी, पावटे, ओला हरभरा, भिजवलेले शेंगदाणे, दोन-चार बोरं, उसाचे चार तुकडे, एकीने तिळाचं कूट, एकीने चिंच-गूळ, आणि सगळं एका मोठ्या पातेल्यात. तिथे कोणाची भाजी उरली असं होणारच नाही, कोणाची कुठली ते कळतच नाही. बरोबर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, ज्यांना येतात त्यांनी आणाव्यात, लोणी कोणीतरी आणेल. खरी भोगी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, पण तुमचा कार्यक्रम शनिवार-रविवारी असणार, चालेल की, या सगळ्या भाज्या रथसप्तमीपर्यंत मंडईत असतातच.

बाकीचे डबे मात्र बंद राहू देत, आणि खिरापत ओळखा. 22 जणी, एकेकीला 2 मिनिटं धरली तरी पाऊण तासात होतं, तोच कार्यक्रम समजा, तंबोला नाही खेळलात एक दिवस तर काही बिघडत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायला सांग, पदार्थाचं नाव, कुठल्या भागातला, लसूण आहे का, शेंगदाणे-तीळ आहेत का, उपासाला चालतो का. म्हणजे ओळखायची मजा जात नाही आणि झाकण उघडलं की माहिती पण मिळते. शेंगदाण्याची, तिळाची ॲलर्जी काही लेकरांना एवढी जोरात असते की श्वास लागतो, आणि संक्रांतीला या दोन गोष्टींशिवाय पान हलत नाही, त्यामुळे मुलं येणार असतील तर हे आधीच विचारून घे. माझी भाची अमेरिकेत असते, तिकडच्या मराठी बायका भोंडला शनिवारी हॉल घेऊन करतात, त्यांच्याकडे डब्यावर असं लिहायची पद्धतच आहे. पुढच्या नवरात्रात तर तू आधीच ग्रुपवर टाक की किती जणींचे उपास आणि किती घरी लसूण बंद. एवढा एक मेसेज यंदा गेला असता तर तिने तीच अंबाडी जिऱ्या-मिरचीच्या फोडणीत आणली असती.

प्रमाणाचं पण सांगते, कारण डबे परत जायचं ते एक मोठं कारण असतं. प्रत्येक जण 22 जणींना पुरेल एवढं करते. 22 जणींनी 22-22 वाट्या आणल्या तर 484 वाट्या होतात गं! एक बाई सगळं मिळून सहा वाट्या खाईल, फार तर. मग प्रत्येकीने सहा वाट्याच आणाव्यात, म्हणजे साधारण एक लिटरचा डबा. सगळ्यांना सगळं मिळणार नाही, चमचा-चमचा चवीला मिळेल, खिरापत तशीच असते. खर्च कमी, कष्ट कमी, आणि डबा रिकामा घरी जातो. नोकरी करणाऱ्या पोरींच्या जिवावर येतं ते पण याने कमी होईल, ऑफिसमधून सात वाजता आलेल्या बाईने 22 जणींचा स्वयंपाक कुठून करायचा.

आणि ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी विकतचं आणलं तर नाक मुरडू नका. फक्त एक धरा, त्या ऋतूचं असावं. संक्रांतीला उसाचे करवे, बोरं, पेरूच्या फोडी तिखट-मीठ लावून. चैत्रात काकडी, कलिंगड. श्रावणात भाजलेली कणसं, उकडलेल्या शेंगा. भोंडल्याला सीताफळं. यात स्वयंपाक काहीच नाही आणि ज्यासाठी जमताय त्याला धरूनही आहे. तुमच्यात कोणी कोकणातली, ठाण्या-पालघरकडची असेल तर श्रावणात तिला रानभाज्या विचारा, कंटोली, टाकळा, कुर्डू, भारंगी, कधी काय येतं आणि कशात काय घालायचं हे तिला माहिती असेल. शेवळं काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, न घालता केली तर घसा खवखवतो, हे पुण्यात वाढलेल्या बाईला कोण सांगणार? अशा गोष्टी एकीकडून दुसरीकडे अशाच जातात, कोणीतरी डबा आणतं म्हणून.

आता तुझ्या त्या दोघी. त्यांना बरं नसतं असं नाही, हे तुलाही माहितीये. आपण हळदीकुंकू असं नाव दिलं की त्यांनी येऊन काय करायचं, कुठे बसायचं, आपल्यापुढे कुंकवाची कोयरी आली की काय करायचं, हा सगळा प्रश्न आपण त्यांच्यावर टाकतो, आणि त्या शहाण्या बायका आपलं अवघडलेपण वाचवायला घरीच बसतात. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद, आणि मग राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एका गावाला हे जमतं तर 22 जणींच्या ग्रुपला न जमायला काय झालं?

कार्यक्रमाचं नाव तिळगूळ ठेवा. या वर्षीपासून. निमंत्रणात हळदीकुंकू शब्दच नको. ज्या आल्या त्या सगळ्यांनी सगळ्यांना तिळगूळ द्यायचा, वाण पण सगळ्यांनी सगळ्यांना लुटायचं, लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा असलेल्या, नसलेल्या. हळद-कुंकू-फुलं एका तबकात मधे ठेवा, ज्यांना लावायचंय त्या लावतील, कोणी कोणाला लावत फिरायचं नाही. कोणाला स्वतःलाच नको असेल तर तो पण तिचा हक्क आहे, तिला आग्रह करून "पुढारलेलं" करायला जाऊ नका. आणि त्या दोघींकडे पण तूच जा, वेगवेगळी जा, आणि विचार असं की "या वर्षी फक्त तिळगूळ आहे, तुमच्या वड्या मऊ होतात, पाकाचं तुम्ही बघाल का?" कामाला बोलावलेलं माणूस पाहुण्यासारखं दाराशी थांबत नाही, सरळ आत येतं.

जी ते वाक्य बोलली तिचं काय, हे तू विचारलं नाहीस पण मनात असणार. तिला चारचौघीत काही बोलू नकोस. तिला शेंगा सोलायला त्या यवतमाळवालीच्या शेजारी जागा दे, एवढं पुरे आहे आत्ता. ती वाईट बाई असेलच असं नाही, खूप जणींना लहानपणापासून असंच शिकवलेलं असतं की घरचं रोजचं जेवण चारचौघात न्यायचं नसतं, भाकरी तर नाहीच. कदाचित तिच्या स्वतःच्या आईचा डबा पण कधी असाच परत आला असेल. मला माहिती नाही, पण असं असतं खरं.

शेंगा घेताना एक बघ, फार जून घेऊ नकोस. दाबून बघायची, दाणा भरलेला हवा पण सालाला हिरवा तजेला पाहिजे, पिवळट पडलेली असली की दाणा पिठूळ लागतो. नाहीतर असं कर ना, मंडईत तिलाच बरोबर घेऊन जा, सकाळी लवकर, शेंगा ती निवडेल. आणि येताना अंबाडी दिसली तर दोन जुड्या घे, आता तुझ्या घरी घट नाहीयेत.